फ्लॅटची किंमत नको, गृहप्रवेशाची किंमत सांगा



मागच्या बॅचमध्ये एका मुलाने हात वर केला. चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे, रविवार मोकळा असतो. म्हणाला, "सर, मोशी-चिखलीकडे एवढ्या बिल्डिंगा होतायत. फ्लॅट विकायचा साइड बिझनेस करू का? गिऱ्हाईकाला साइटवर न्यायचं, बाकी सेल्सवाले बघतात."

मी म्हटलं, "कर की. पण गाडीत बसल्यावर त्या गिऱ्हाईकाला सांगणार काय?"

त्याने पाठ असल्यासारखं म्हणून दाखवलं, "टू बीएचके फक्त ४८ लाख. एक लाखात बुकिंग. बाकी बँक करते."

या लेखात मला फक्त या तीन वाक्यांबद्दल बोलायचंय. कारण पहिल्यांदा घर घेणाऱ्या माणसाचं नुकसान याच तीन वाक्यांत होतं. आणि माझं मत असं आहे की विकणाऱ्याचंही होतं, फक्त ते थोडं उशिरा कळतं.

मी दुसऱ्या टोकाला बसतो

बऱ्याच जणांना माहीत आहे, ट्रेनिंग शनिवारी-रविवारी. बाकी दिवस मी माझ्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात असतो. पंखे, स्विच, एलईडी, गिझर. आजूबाजूला नव्या स्कीम, त्यामुळे फ्लॅट विकणाऱ्यांचं काम जिथे संपतं तिथे माझं सुरू होतं. चावी हातात आली की लोक पहिल्या आठवड्यात माझ्याकडे येतात.

दोन महिन्यांपूर्वी एक जोडपं आलं. कडेवर लहान बाळ, सोबत गावाहून आलेल्या सासूबाई. मोठ्या हौसेने यादी केलेली : चार पंखे, एक गिझर, हॉलसाठी झुंबर, डोअरबेल. मी बिल काढलं. नवऱ्याने आकडा बघितला, बायकोकडे बघितलं आणि म्हणाला, "दादा, सध्या एकच पंखा द्या. बाकीचं पुढच्या महिन्यात बघू."

पुढचा महिना आलाच नाही. असे लोक मी दर आठवड्याला बघतो. ४८ लाखांचं घर घेतलेला माणूस दुसऱ्या पंख्यावर अडतो. तो गरीब नाही, नोकरी चांगली आहे. त्याला फक्त खरा आकडा वेळेवर कुणी सांगितला नव्हता.

आणि एक कबुली देतो. या विक्रीत माझाही हात लागलेला आहे. एका स्कीमच्या सॅम्पल फ्लॅटचे दिवे मी लावलेत. एका छोट्या हॉलमध्ये चौदा स्पॉटलाइट. बेडरूमला दरवाजाच बसवलेला नव्हता, म्हणजे खोली मोठी दिसते. पलंग नेहमीच्या मापापेक्षा लहान, सुताराकडून मुद्दाम करून घेतलेला. भिंतीला आरसा. तेव्हा मला वाटलं, आपल्याला काय, आपलं बिल निघालं. नंतर त्याच बिल्डिंगमधले लोक दुकानात येऊन म्हणायला लागले, "सॅम्पल फ्लॅटमध्ये होता तसा उजेड पाहिजे. बजेट दीड हजार." त्यांना काय सांगणार?

माझी स्वतःची चूक

मी २०१८ मध्ये पहिला फ्लॅट घेतला. बीबीए केलेला माणूस, चार वर्षांचं दुकान, हिशेबाची सवय. तरी फसलो. सेल्सवाल्याने सांगितलं, "पाच लाख हातात असतील तर होऊन जाईल." माझ्याकडे सहा होते. मी खूश. टोकन दिलं. मग एकेक कागद येत गेला. कर, स्टॅम्प ड्युटी, पार्किंग, सोसायटीची अनामत, मीटरचे पैसे, दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ. साडेनऊ लाख लागले.

वरचे साडेतीन लाख कुठून आणले? आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या आणि उरलेले दुकानातून काढले. ते काढले ऐन सप्टेंबरमध्ये. दिवाळीच्या माळा भरायला माझ्याकडे पैसेच उरले नाहीत. इलेक्ट्रिकलवाल्याची दिवाळी म्हणजे शेतकऱ्याचा खरीप. समोरचं दुकान माळांनी झगमगत होतं आणि मी लोकांना बल्ब विकत बसलो होतो. एका चुकीच्या आकड्याने माझं अख्खं सीझन गेलं. पाटल्या दीड वर्षाने सुटल्या. आई एका शब्दाने बोलली नाही, तेच जास्त लागलं.

घर चांगलं आहे, आजही तिथेच राहतो. बांधकामाबद्दल तक्रार नाही. पण मला एवढ्या वर्षांत कुणी विचारलं की "तुमच्या बिल्डिंगमध्ये घेऊ का?" तर माझ्या तोंडून आपोआप निघतं, "जरा जपून." त्या बिल्डरचं होर्डिंग किती लाखांचं असेल माहीत नाही. माझं ते "जरा जपून" फुकट आहे आणि ते आजही चालू आहे.

आता हिशेब बघू

त्याच मुलाचा ४८ लाखांचा फ्लॅट घेऊ. बांधकाम चालू असलेली स्कीम, पिंपरी-चिंचवड. वही-पेन घ्या.

जीएसटी : बांधकाम चालू असलेल्या घराला ५ टक्के. म्हणजे २ लाख ४० हजार.

स्टॅम्प ड्युटी : पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये ७ टक्के. म्हणजे ३ लाख ३६ हजार. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत, म्हणजे ४८ हजार वाचतात.

नोंदणी फी : १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. म्हणजे ३० हजार.

हे झाले ६ लाख ६ हजार. म्हणजे घर ४८ चं नाही, ५४ लाख ६ हजारांचं आहे. अजून पार्किंग, अनामत, मेंटेनन्स धरलेलं नाही.

आता "बाकी बँक करते" हे वाक्य तपासू. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, पण ३० ते ७५ लाखांच्या कर्जात फक्त ८० टक्क्यांपर्यंत. आणि या किमतीत स्टॅम्प ड्युटी, नोंदणी धरत नाहीत. म्हणजे बँक देणार जास्तीत जास्त ३८ लाख ४० हजार. उरले ९ लाख ६० हजार. त्यात ६ लाख ६ हजार मिळवा.

१५ लाख ६६ हजार. एवढी रक्कम त्या माणसाच्या स्वतःच्या खिशात पाहिजे. आणि गाडीत त्याला सांगितलं काय, तर "एक लाखात बुकिंग".

पुढचं बघा. हे पैसे तीन वर्षांत हळूहळू द्यायचे असते तरी निभावलं असतं. पण स्टॅम्प ड्युटी कराराच्या वेळीच भरायची, आणि बँका साधारणपणे तुमचा वाटा आधी भरायला लावतात, मग कर्जाचे पैसे सोडतात. म्हणजे यातली बरीचशी रक्कम पहिल्या काही महिन्यांतच जाते. नंतर घर होईपर्यंत एका हाताने भाडं आणि दुसऱ्या हाताने व्याज. पूर्ण कर्ज सुरू झालं की साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षं धरून हप्ता साधारण ३३,३०० रुपये.

सबसिडीचंही तसंच. "पंतप्रधान आवासमधून पावणेदोन-दोन लाख परत मिळतील" असं कुणीही कुणालाही सांगतं. शहरी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात व्याज सबसिडी जास्तीत जास्त १ लाख ८० हजार आहे, पण ती ३५ लाखांपर्यंतच्या घराला, २५ लाखांपर्यंतच्या कर्जाला आणि ९ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाला. शिवाय देशात कुठेही नावावर पक्कं घर नको. ४८ लाखांचा फ्लॅट घेणाऱ्याला, ज्याचं गावाकडे स्वतःच्या नावावर पक्कं घर आहे, त्याला सबसिडी सांगणं म्हणजे सरळ थाप आहे.

खरा हिशेब कधीकधी उलटं दाखवतो

हा हिशेब मांडला की एक गंमत कळते. समजा, शेजारीच तसाच फ्लॅट तयार आहे, पूर्णत्वाचा दाखला मिळालेला, पण किंमत ५१ लाख. पहिल्यांदा घेणारा लगेच म्हणतो, तीन लाख महाग आहे, नको.

पण पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या घराला जीएसटी नाही. ५१ लाखांवर स्टॅम्प ड्युटी ३ लाख ५७ हजार, नोंदणी ३० हजार, आणि २० टक्के स्वतःचा वाटा १० लाख २० हजार. बेरीज १४ लाख ७ हजार. म्हणजे महागड्या फ्लॅटला खिशातून दीड लाखाहून जास्त पैसे कमी लागले. वर भाडं बंद. १४ हजार भाडं असेल तर दोन वर्षांचे ३ लाख ३६ हजार वाचले. हप्ता मात्र दोन हजारांनी जास्त आणि तो लगेच सुरू होणार, हेही सांगायला पाहिजे.

रेडी फ्लॅट विकणाऱ्यांना मी विचारतो, तुम्ही हा हिशेब होर्डिंगवर का लावत नाही? तर म्हणे, "लोकांना एवढं गणित कळत नाही." अहो, तीन हजार वाचावेत म्हणून लोक चार दुकानं फिरून गिझर घेतात. गणित कळतं. कुणी मांडून दाखवत नाही.

"पण सर, गिऱ्हाईक पळून जाईल"

बॅचमध्ये लगेच हा प्रश्न येतो, आणि तो चुकीचा नाही. शेजारचा ४८ सांगतोय, मी ५४ सांगितलं तर माझ्याकडे येणार कोण?

खरं सांगतो, काही लोक जातील. पोर्टलवर लोक किमतीनुसार यादी लावतात, तिथे ५४ लिहिलं तर तुम्ही खाली जाल. म्हणून जाहिरातीत ४८ लिहा, पण त्याच्याच खाली, वाचता येईल अशा अक्षरात "गृहप्रवेशापर्यंत एकूण सुमारे अमुक" हेही लिहा. बारीक अक्षरात तारा काढून नको.

आणि जे पळतात ते कोण, याचा विचार करा. ज्याच्याकडे सहा लाख आहेत आणि लागतात पंधरा, तो आज नाही तर डिमांड लेटर आल्यावर जाणारच. तेव्हा तो बुकिंग रद्द करतो, टोकनसाठी भांडतो, तुमचं कमिशन अडकतं, तुमचे चार रविवार जातात आणि त्याच्या कंपनीतल्या पन्नास जणांना तुमचं नाव कळतं. आजच गेला तर फक्त चहाचे पैसे गेले. उलट त्याला प्रामाणिकपणे म्हणा, "दादा, आत्ता नका घेऊ. वन बीएचके बघा, नाहीतर दोन वर्षं थांबा." असा माणूस परत येतो. माझ्या दुकानात तरी येतो.

पहिल्यांदा घर घेणारा एकटा नसतो, हे लक्षात घ्या. आमच्या भागात एक बुलढाण्याचा आला की मागून त्याचा मेहुणा येतो, मग शिफ्टमधला मित्र, मग गावचा चुलतभाऊ. एका मजल्यावर तीन घरं एका तालुक्याची असतात. अशा माणसांत विक्री होर्डिंगने होत नाही, शब्दाने होते. मग शब्दच खोटा ठेवून कसं चालेल?

एक कोरा कागद

आता करायचं काय? माझा सल्ला अगदी साधा आहे. एक कागद छापून घ्या. डावीकडे ओळी : करारातली किंमत, जीएसटी, स्टॅम्प ड्युटी, नोंदणी, पार्किंग, डेव्हलपमेंट चार्ज, अनामत, आगाऊ मेंटेनन्स, मीटर, वकील आणि बँकेचा खर्च, पंखे-दिवे-ग्रील-किचन ट्रॉली. उजवीकडे दोन रकाने : किती आणि कधी. तळाला तीन आकडे : एकूण किती, खिशातून किती, महिन्याला किती.

एक कागद तुमच्या फ्लॅटचा भरून द्या. दुसरा कोरा द्या. म्हणा, "शेजारच्या साइटवर जा, त्यांच्याकडून हा भरून आणा. मग दोन्ही शेजारी ठेवा." शेजारच्याने भरून दिला तर बरोबरीची तुलना होईल. नाही दिला, तर काय समजायचं ते गिऱ्हाईक समजतं. ५४ विरुद्ध ४८ या अडचणीवर मला यापेक्षा चांगला उपाय सापडलेला नाही.

हा कागद भरताना "पॅकेज", "जीएसटी फ्री", "स्टॅम्प ड्युटी फ्री" या शब्दांचाही उलगडा होतो. सरकारचा कर कुणी माफ करत नाही, तो किमतीत घातलेला असतो. गुढीपाडव्याची ऑफर द्या, सोन्याचं नाणं द्या, माझी हरकत नाही. पण आधी कागद.

अजून एक. जीएसटीत ४५ लाखांची पायरी आहे. आपल्याकडे, म्हणजे मुंबई महानगर सोडून, ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट आणि ४५ लाखांपर्यंत किंमत असेल तर जीएसटी ५ ऐवजी १ टक्का. पण त्या ४५ लाखांत पार्किंग, डेव्हलपमेंट चार्ज असे बिल्डर घेतो ते इतर पैसेही धरतात. ४४ लाखांचा फ्लॅट सांगून वर दोन लाख पार्किंग लावलं की गिऱ्हाईक ५ टक्क्यांत गेला. कागद नीट भरला तर हे बुकिंगच्या आधी कळतं.

आणि हो, रविवारी अख्खं कुटुंब येतं तेव्हा फक्त नोकरी करणाऱ्या मुलाशी बोलू नका. वडील विचारतात, "जागा कुणाच्या नावावर?" आई विचारते, "पाणी कसं?" आमच्या शहरात २०१९ च्या अखेरीपासून दिवसाआड पाणी आहे, बऱ्याच सोसायट्यांत टँकर येतो. "पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही" असं म्हणू नका. टँकरचा महिन्याचा खर्च मेंटेनन्समध्ये किती धरलाय ते सांगा. सूनबाई गप्प बसून सगळं ऐकत असते, आणि घरी गेल्यावर निर्णय तीच देते.

कायदा माहीत नसेल तर या धंद्यात उतरू नका

त्या सुपरवायझरला मी शेवटी हेच सांगितलं. नुसतं गाडीत बसवून नेणं वगैरे काही नसतं. रेराची नोंदणी असलेल्या स्कीममधलं घर विकून देणारा कायद्याने एजंट आहे आणि त्याची स्वतःची महारेरा नोंदणी लागते. त्यासाठी ट्रेनिंग घ्यायचं, परीक्षा द्यायची, सर्टिफिकेट मिळवायचं. नोंदणीशिवाय काम केलं तर दिवसाला १० हजार रुपये दंड, आणि तो विकलेल्या घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

स्कीमची नोंदणी होण्याआधी "प्री-लाँच रेट" म्हणून बुकिंग घेता येत नाही, जाहिरातही करता येत नाही. जाहिरातीत नोंदणी क्रमांक लागतो, महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. आणि जाहिरात म्हणजे फक्त पेपरमधली नाही. तुमचं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसही त्यात येतं. नोंदवलेला करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत. आणि खोट्या जाहिरातीवर किंवा सॅम्पल फ्लॅटवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं तर भरपाई मागता येते, व्याजासकट पैसे परत घेऊन बाहेरही पडता येतं. सॅम्पल फ्लॅटचा उल्लेख कायद्यात स्पष्ट आहे. चौदा दिवे लावताना मला हे माहीत नव्हतं. आता असं काम आलं तर मी आधी विचारतो, "प्रत्यक्ष घरात किती पॉइंट देणार?" तेवढेच लावतो. दोन कामं त्यामुळे गेली. जाऊ दे.

५०० चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंत घरं असलेल्या छोट्या स्कीमला रेरा नोंदणी लागत नाही. तालुक्याच्या गावी वडिलोपार्जित प्लॉटवर सहा घरं बांधून विकणारे तुमच्यातले काही जण आहेत. तुमच्यावर क्यूआर कोडची सक्ती नाही, म्हणून तर तुमचा कागद जास्त स्वच्छ पाहिजे. गिऱ्हाईकाला तपासायला दुसरं काही नाही.

शेवटचं

बीबीएला आम्हाला चार पी शिकवले होते, त्यातला एक प्राइस. तेव्हा वाटायचं प्राइस म्हणजे लेबलवरचा आकडा. दुकानात बसून कळलं की गिऱ्हाईकाची प्राइस वेगळी असते. त्याच्यासाठी घराची किंमत म्हणजे दारात तोरण लावून, चारही पंखे फिरायला लागेपर्यंत गेलेले पैसे.

या आठवड्याचा होमवर्क : तुम्ही घर विका, फर्निचर विका नाहीतर पिठाची गिरणी विका. तुमच्या वस्तूचा असा एक कागद तयार करा. घरी नेऊन चालू होईपर्यंत गिऱ्हाईकाचे एकूण किती जातात? मग तो कागद तुमच्या आईला दाखवा. तिने "एवढे?" असं विचारलं तर समजा हिशेब खरा आहे. पुढच्या व्हिडिओत हाच कागद फळ्यावर भरून दाखवतो.

तो सुपरवायझर सध्या एजंटच्या परीक्षेचा अभ्यास करतोय. गाडीतली ती तीन वाक्यं त्याने बदललीत. आता पहिलं वाक्य असं आहे : "दादा, आधी सांगा, हातात किती आहेत? मग घर बघू."

भेटू पुढच्या रविवारी.